रस्त्यात माणूस आहे हे चालकाला कधी सांगायचं? कनेक्टेड गाडीतले इशारे रचणाऱ्या नवोदितांसाठी

बसच्या डॅशबोर्डवर, रस्त्यात पादचारी दिसला की वाजणाऱ्या बझरची छोटी जाळी होती. चाचणीच्या तिसऱ्याच दिवशी तिच्यावर चिकटपट्टीचे दोन थर चढले होते. मी चालकाच्या मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसायचो. "काका, हे काय?" म्हटलं, तर काका आरशातूनच बघत म्हणाले, "साहेब, हे झाडाला बघूनपण ओरडतं. पॅसेंजर विचारतात, गाडी बिघडलीये का." आमच्या तक्त्यात ते यंत्र पास झालेलं होतं, कारण पादचारी ओळखण्याचं प्रमाण चांगलं होतं. चिकटपट्टीसाठी तक्त्यात रकानाच नव्हता.

या क्षेत्रात नव्याने येणारा प्रत्येक जण आधी रेडिओ, प्रोटोकॉल आणि सेन्सर शिकतो. ते शिकायलाच हवं. पण पादचाऱ्याच्या इशाऱ्याचं यश ठरतं ते यंत्र किती वेळा गप्प बसतं यावर. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत 'इथे गप्प बसता येईल का?' हा प्रश्न हाताशी ठेवा.

आधी थोडी ओळख

कॅमेऱ्यावर चालणारी एडास (चालकाला मदत करणारी) प्रणाली साधारण तेच बघते जे चालकाला काचेतून दिसू शकतं. कनेक्टेड गाडीला बातमी रेडिओवरून येते: चौकातल्या खांबावरच्या युनिटकडून, दुसऱ्या गाडीकडून किंवा थेट पादचाऱ्याच्या फोनकडून. खांबावरच्या पेटीला आरएसयू म्हणतात, गाडीतल्या पेटीला ओबीयू. अमेरिकेत संदेशांचा नमुना एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२७३५ या मानकात आहे. गाडी आपली जागा, वेग आणि दिशा 'बेसिक सेफ्टी मेसेज'मधून सेकंदाला १० वेळा सांगते, पादचाऱ्यासाठी 'पर्सनल सेफ्टी मेसेज' आहे. युरोपात त्याच कामाच्या संदेशाला व्हॅम म्हणतात.

रेडिओचा इतिहास एका दमात सांगतो. अमेरिकेने १९९९ मध्ये ५.९ गिगाहर्ट्‌झजवळचा ७५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा यासाठी राखून ठेवला आणि २०२० मध्ये त्यातला ३० च शिल्लक ठेवला. त्याच निर्णयात वाय-फायच्या जातीच्या जुन्या डीएसआरसी रेडिओऐवजी मोबाइलच्या तंत्रावर आधारलेलं सेल्युलर व्ही-टू-एक्स पुढे आलं. तुम्ही इशारा रचत असाल तर रेडिओ कुठला यापेक्षा संदेश किती उशिरा येतो आणि किती अचूक असतो, हे विचारा.

पहिली पायरी: एकच प्रसंग निवडा

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास पाचातला एक. हा आकडा पाहून 'पादचाऱ्यांचं रक्षण' असं ध्येय लिहायचा मोह होतो. असं ध्येय घेऊन बसलात तर इशारा कधी द्यायचा हेच कधी ठरणार नाही. त्याऐवजी प्रसंग लिहा: 'सिग्नल हिरवा झालाय, बस वळतेय आणि ज्या रस्त्यात वळतेय त्याच्या झेब्रा क्रॉसिंगवर माणूस चालतोय.' किंवा 'थांब्यावर उभ्या बसच्या पुढून कुणीतरी रस्ता ओलांडायला निघालंय आणि मागून दुसरी गाडी येतेय.' दोन्ही प्रसंगांत सेन्सर वेगळा, वेळ वेगळी, चालकाची नजरही वेगळीकडे.

वळणाचा प्रसंग नवख्यांना मी मुद्दाम सुचवतो, कारण त्यात डोळ्यांची एक गंमत आहे. (गंमत म्हणजे काय, जीवघेणीच.) आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवीकडे वळताना पुढच्या काचेचा उजवा खांब, त्याच्या शेजारी बसचा मोठा आरसा, आणि त्याच बाजूने क्रॉसिंगवर येणारा माणूस. बस वळते त्या गतीने खांब सरकतो आणि माणूस त्याच गतीने चालत राहतो. दोघांचा मेळ जमला तर तो माणूस दोन-तीन सेकंद खांबाआडच राहतो. चालक बेसावध नसतो, त्याला खरोखरच दिसत नाही. अमेरिकेत हाच प्रकार डाव्या वळणावर होतो. न्यूयॉर्क शहराच्या वाहतूक विभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डाव्या वळणांवरचे पादचारी व सायकलस्वारांचे मृत्यू उजव्या वळणांच्या दुपटीहून जास्त निघाले. तिकडचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं इकडे आणायचं असेल तर डावं-उजवं फक्त नकाशात बदलून भागत नाही. कुठल्या वळणाला जास्त महत्त्व द्यायचं, हेही उलटं करावं लागतं.

दुसरी पायरी: माणूस कुठे आहे, हे सांगणार कोण?

सगळ्यात सोपं उत्तर 'फोन' असं वाटतं, खिशात तर सगळ्यांच्याच असतो. पण मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची चूक साधारण ५ मीटर असते आणि रस्त्याची एक लेन असते साधारण साडेतीन मीटर. म्हणजे फूटपाथवर भेळ खात उभा असलेला माणूस आणि गाडीसमोर आलेला माणूस यांतला फरक फोनला सांगता येत नाही. उंच इमारतींमध्ये ही चूक आणखी वाढते. न्यूयॉर्कच्या कनेक्टेड गाड्यांच्या पथदर्शी प्रकल्पात मॅनहॅटनच्या गल्ल्यांमध्ये गाड्यांची स्वतःची जागा ठरवणंसुद्धा जड गेलं होतं.

दुसरा मार्ग चौकातल्या सेन्सरचा. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या अशाच प्रकल्पात न्यायालयासमोरच्या क्रॉसिंगवर लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) लावून पादचारी टिपले आणि त्यांचे संदेश आरएसयूने गाड्यांना पाठवले. थर्मल म्हणजे उष्णता टिपणारे कॅमेरे अंधारात चांगले चालतात. साधा व्हिडिओ कॅमेरा स्वस्त पडतो, पण संध्याकाळी सूर्य समोर आला की हात टेकतो.

इथे मिशिगनमधल्या ॲन आर्बरची गोष्ट सांगायलाच हवी. २०१२-१३ मध्ये तिथे सुमारे २,८०० कनेक्टेड गाड्यांचा मोठा प्रयोग झाला. त्यात विद्यापीठाच्या तीन बसमध्ये पादचारी-इशारा बसवला होता. रचना समंजस होती: पादचाऱ्याने खांबावरचं बटण दाबलं की चालकाला सौम्य सूचना, आणि सेन्सरला क्रॉसिंगवर माणूस दिसला की जोरकस इशारा. सेन्सर मायक्रोवेव्हवर चालणारा होता. हलणारी वस्तू त्याला कळायची, पण ती माणूस आहे की क्रॉसिंगवरून हळू वळणारी मोटार, हे नीट कळेना. परिणाम असा की खोट्या इशाऱ्यांची रांग लागली. प्रदर्शनात तंत्रज्ञान चाललं, पण बस चालवणाऱ्याच्या दृष्टीने ते ओरडणारं झाडच झालं. पुढे क्लीव्हलँडच्या बससाठी याची सुधारित आवृत्ती करताना थर्मल कॅमेऱ्याकडे वळावं लागलं.

तेव्हा सेन्सर निवडताना विक्रेत्याला 'माणूस किती टक्के ओळखतो?' एवढंच विचारू नका. 'माणूस नसताना किती वेळा ओळखतो?' हेही विचारा, आणि उत्तर तुमच्या निवडलेल्या चौकातच तपासा.

तिसरी पायरी: वेळेचा हिशोब कागदावर करा

ही पायरी कुणीही टाळू नये. शाळेतलं गणित पुरतं.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. इशारा ऐकून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरा. तोवर गाडी जवळपास २१ मीटर गेली. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला (वेग घटण्याचा दर ७ मीटर प्रति सेकंद वर्ग) तर थांबायला आणखी १४ मीटर. एकूण ३५ मीटर, म्हणजे धडकेच्या सुमारे अडीच सेकंद आधी इशारा कानावर पडायला हवा. ताशी ३० ला हेच अंतर साडेसतरा मीटर होतं.

आता पादचाऱ्याच्या बाजूने बघा. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. अडीच सेकंदांत तो ३ मीटर चालेल. कडेच्या लेनचा मध्य फूटपाथच्या कडेपासून पावणेदोन मीटरवर. म्हणजे इशारा द्यायच्या क्षणी तो माणूस अजून फूटपाथवरच आहे, कडेपासून सव्वा मीटर आत! तो उतरणार आहे की रिक्षाची वाट बघतोय, हे तुम्हाला तेव्हाच ठरवायचं आहे. तो उतरेपर्यंत थांबलात तर इशारा उशिराचा. आणि न थांबता दिलात तर कडेला उभ्या प्रत्येकासाठी बझर. आधीच्या पायरीतली फोनची ५ मीटरची चूक या ३ मीटरच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे फोनवर एकट्याने विसंबता का येत नाही ते कळेल.

यात यंत्राचा उशीर अजून धरलेलाच नाही. सेन्सरने माणूस ओळखायला ०.२ सेकंद, संदेश निघायला ०.१, ओबीयूच्या हिशोबाला ०.१, आवाज सुरू व्हायला ०.१ असं धरलं तरी अर्धा सेकंद गेला, आणि ताशी ५० ला तो ७ मीटरचा आहे. प्रत्येक टप्प्याला किती वेळ मिळणार हे प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात लिहून भिंतीला लावा, नाहीतर प्रत्येक टीम 'आमचं तर थोडंसंच आहे' म्हणते.

बससाठी हिशोब वेगळा. बसमध्ये माणसं उभी असतात. मोटारीसारखा ब्रेक मारला तर आतली आजी दांड्यावर आपटेल. म्हणून बसला ३ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढाच ब्रेक धरा. ताशी १५ ने वळणाऱ्या बसला तेव्हा ९ मीटर लागतात. आणि हेही विसरू नका: बसमध्ये खोटा इशारा नुसता त्रासदायक नसतो, त्यावर ब्रेक लागला तर तो स्वतःच अपघात घडवू शकतो.

चौथी पायरी: गप्प बसायचे नियम आधी लिहा

बहुतेक टीम 'कधी वाजवायचं' याची यादी करतात. मी उलट सांगतो. पहिली यादी न वाजवण्याची करा.

चालकाचा पाय आधीच ब्रेकवर असेल तर वाजवू नका, त्याने माणूस पाहिलेला आहे. माणूस गाडीच्या वाटेतून बाहेर पडत असेल तर वाजवू नका. गाडी सिग्नलला उभी असेल आणि समोरून शंभर माणसं ओलांडत असतील, तर अर्थातच नाही. आणि गाडीची किंवा माणसाची जागा पुरेशी पक्की नसेल, तर? इथे टीममध्ये भांडणं होतात. माझं मत: वाजवू नका, आणि 'इशारा सध्या उपलब्ध नाही' असा छोटा दिवा दाखवा. अंदाजाने ओरडणाऱ्या यंत्रापेक्षा आपण आत्ता आंधळे आहोत हे कबूल करणारं यंत्र चालकाला समजतं.

याचं सुरेख उदाहरण जपानमध्ये आहे, आणि तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालतात. टोयोटाने २०१५ मध्ये 'आयटीएस कनेक्ट' ही सोय गाड्यांत आणली. सेन्सर लावलेल्या चौकात गाडी उजवीकडे वळायला थांबलेली असताना समोरून येणारी वाहनं आणि क्रॉसिंगवरचे पादचारी यांची माहिती रेडिओने तिच्यापर्यंत येते. पण चालक ब्रेक दाबून उभा असेल तोवर यंत्र आवाज करत नाही. त्याने ब्रेक सोडला, म्हणजे समोर कुणी असूनही तो निघतोय असं दिसलं, की मगच इशारा. पाय उचलण्याची ती एक हालचाल म्हणजे चालकाच्या मनात काय आहे याची सगळ्यात स्वस्त खूण आहे.

नियमांनी किती फरक पडतो ते बघायला एक काल्पनिक हिशोब करा. समजा बस दिवसाला २०० क्रॉसिंग ओलांडते आणि यंत्र शंभरात पाचदा चुकतं. रोजचे १० खोटे इशारे झाले. खरोखर धोक्याचा प्रसंग दोन महिन्यांतून एकदा येत असेल, तर तो येईपर्यंत चालकाने पाचशेच्या वर खोटे ऐकलेले असतात. ९५ टक्के अचूक यंत्रावर चिकटपट्टी का बसते, ते इथे कळतं. आपल्याकडच्या नव्या गाड्यांत जुलै २०१९ पासून सक्तीचा असलेला वेगाचा बझरच आठवा, ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा. तो तर कधी खोटं बोलत नाही, तरी एक्स्प्रेसवेवर तो ऐकून पाय उचलणारे किती आणि गाण्याचा आवाज वाढवणारे किती, हे तुम्हीच सांगा.

पाचवी पायरी: खरा असूनही खोटा वाटणारा इशारा

कनेक्टेड इशाऱ्याची खरी ताकद म्हणजे न दिसणारा माणूस सांगणं. नेमकी तिथेच त्याची सर्वात मोठी अडचण आहे, आणि नवख्यांच्या ती उशिरा लक्षात येते.

प्रसंग असा. थांब्यावर बस उभी आहे. तिच्या पुढे एक मुलगा रस्ता ओलांडायला उभा आहे. खांबावरच्या सेन्सरने त्याला पाहिलं, मागून येणाऱ्या मोटारीत इशारा वाजला. चालकाने पाहिलं: समोर कुणी नाही. बसच्या आडचा मुलगा गाडीचा आवाज ऐकून थांबला, गाडी निघून गेली. यंत्राच्या लॉगमध्ये हा इशारा शंभर टक्के बरोबर आहे. चालकाच्या मनात मात्र तो खोट्यांच्या खात्यात जमा झाला. असे चार झाले की पाचव्याला तो मान वळवणार नाही.

म्हणून न दिसणाऱ्या माणसाच्या इशाऱ्यात 'कुठे' हे सांगणं सक्तीचं समजा. नुसता त्रिकोण आणि उद्गारचिन्ह नको. डावीकडून येणाऱ्यासाठी आवाज डाव्या स्पीकरमधून आणि काचेच्या डाव्या कडेला दिवा, आणि चित्रात थांबलेल्या बसआडून निघणारा माणूस. चालकाला 'अच्छा, बसच्या पुढे कुणीतरी आहे' असं अर्ध्या सेकंदात कळलं, तर माणूस दिसला नाही तरी इशारा पटतो. शिवाय असा इशारा थोडा आधी आणि सौम्य ठेवा: ब्रेक मारायला लावणारा नको, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायला लावणारा हवा.

सहावी पायरी: आवाज, दिवा की थरथर?

दोन पातळ्या पुरतात. पहिली माहितीची, दुसरी धोक्याची. माहिती फक्त दिव्याने द्या. धोक्याला आवाज लावा, आणि तो सीटबेल्टच्या किंवा दार उघडं असल्याच्या आवाजाशी चुकूनही मिळताजुळता नको. केबिनमधल्या गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबल वर असला की पुरे. त्याहून मोठा आवाज दचकवतो, आणि दचकलेला माणूस स्टिअरिंग ओढतो. आपल्या शहरांत बाहेरच्या हॉर्नसारखा ऐकू येणारा आवाज तर बादच करा.

बोलका इशारा कानाला छान वाटतो, पण घड्याळ लावून बघा. 'सावधान, डावीकडे पादचारी आहे' म्हणायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात ताशी ५० ची गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते.

दिवा कुठे ठेवायचा याचा नियम एकच: चालकाची नजर माणसाच्या दिशेने जावी. मधल्या टचस्क्रीनवर पादचाऱ्याचं चित्र दाखवणं म्हणजे ऐन वेळी त्याला खाली बघायला लावणं. टॅम्पात इशारे मागचं बघायच्या आरशात दाखवले, न्यूयॉर्कने पडदाच टाळून फक्त आवाज ठेवला. वळणाच्या प्रसंगात मला दिवा त्या लबाड खांबावरच बसवलेला आवडतो. नजर तिथे जाते आणि चालक आपोआप मान पुढे काढून खांबापलीकडे बघतो. सीटची थरथर मोटारीत चालते, पण जुन्या बसमध्ये सीट आधीच इतकी हलत असते की तुमची थरथर कोण ओळखणार!

सुरक्षा आणि खासगीपणाबद्दल

संदेशांवर डिजिटल सही असते, नाहीतर कुणीही गल्लीत बसून चौकात खोटे पादचारी उभे करेल. पादचाऱ्याच्या फोनमधून कायमची ओळख बाहेर जाता कामा नये, तात्पुरते क्रमांक वापरून ते बदलत राहावेत. न्यूयॉर्कमध्ये लॉग साठवण्याआधी नेमकी वेळ आणि जागा पुसट केली जात असे, तोच शिरस्ता ठेवा. आणि चालकांना पहिल्याच दिवशी सांगा की हा लॉग कुणाचा पगार कापायला वापरला जाणार नाही. ते खरं असेल तरच सांगा.

सातवी पायरी: चाचणी

सुरुवातीला यंत्र मुकं ठेवा. सगळे हिशोब चालू, लॉग चालू, आवाज बंद. न्यूयॉर्कच्या सुमारे ३,००० गाड्यांच्या प्रकल्पातही आधी असा मूक काळ ठेवला होता, म्हणजे इशारा नसताना चालक काय करतो हे कळतं आणि नंतर तुलना करता येते. या मूक काळात 'वाजला असता' अशा प्रत्येक क्षणाचा व्हिडिओ स्वतः बघा. शंभर क्लिप बघायला एक दुपार लागते. तेवढ्यात चौकातलं कुठलं झाड, कुठला होर्डिंगचा खांब आणि कुठली हातगाडी तुम्हाला फसवतेय, हे नावानिशी कळतं.

मग बंदिस्त ट्रॅकवर हलणारा पुतळा. त्यानंतरच खरा रस्ता: रात्री, पावसात, गणपतीत. मिरवणुकीत यंत्राने काय करायचं, याचं उत्तर बहुधा 'बंद राहायचं' हेच निघतं, पण ते कुणीतरी आधी लिहिलेलं असावं.

इशारे नुसते चालकापुरते ठेवू नका. नागपुरात २०२१ पासून 'आयरास्ते' प्रकल्पात महापालिकेच्या बसमध्ये कॅमेऱ्याचे टक्कर-इशारे बसवले आणि ते कुठे जास्त वाजतात याचा नकाशा करून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा शोधायचा प्रयत्न झाला. एका क्रॉसिंगवर रोज इशारा वाजत असेल, तर कदाचित तिथे सॉफ्टवेअरपेक्षा दुभाजकातली वाट, दिवा किंवा गतिरोधक बदलायला हवा. तो अर्ज महापालिकेकडे नेताना तुमचा लॉग कामी येतो.

आवाज सुरू केल्यावर पहिले पंधरा दिवस रोज एका फेरीला बसमध्ये बसा. एकदा पहाटेची पहिली, एकदा शाळा सुटायच्या वेळची. प्रत्येक इशाऱ्यापुढे चार रकाने: माणूस होता का, चालकाला तो आधी दिसला होता का, चालकाने काय केलं, आणि चौथा, चालक काय म्हणाला. चौथ्यात शिव्याही जशाच्या तशा लिहा.